सहाव्या तासाची मोटरसायकल

प्रश्न

एका वाचकाचे वय सत्तेचाळीस आणि उंची १६३ सेंटिमीटर आहे. गेली अनेक वर्षे ते १६० सीसीची, एका सिलिंडरची मोटरसायकल चालवत आहेत. मुले मोठी झाली आहेत आणि आता त्यांना पत्नीसह लांबच्या सफरी करायच्या आहेत. पहिली सफर नऊ दिवसांत ४५०० किलोमीटरची ठरली आहे. सध्याच्या गाडीवर दोन-अडीच तास झाले की दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, माकडहाड दुखू लागते आणि दुसऱ्या दिवशी मान अवघडलेली असते. मित्रांमध्ये दोन तट पडले आहेत. काहींच्या मते पाय पुढे पसरून बसता येईल अशी वजनदार क्रूझर घ्यावी, तर इतरांच्या मते उंच अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकलीला पर्याय नाही. शोरूममध्ये क्रूझरवर त्यांना ‘आरामखुर्चीत बसल्यासारखे’ वाटले, अ‍ॅडव्हेंचर गाडीवर मात्र पाय जेमतेम टेकले. “ही बहुधा माझी शेवटची मोटरसायकल असेल, त्यामुळे चूक करायची नाही. सर्वांत आरामदायी गाडी कोणती ते सांगा,” अशी त्यांची विनंती आहे.

उत्तर

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेला आहात, आणि मला मात्र तिथेच थांबावेसे वाटते. करंगळी, माकडहाड आणि मान ही तीन दुखणी तीन वेगळ्या कारणांनी होतात, आणि त्यांपैकी एकाचेही कारण ‘गाडी लहान आहे’ एवढ्यावर संपत नाही. ती कारणे न शोधता मोठी गाडी घेतलीत, तर तीच दुखणी नव्या गाडीवरही तुमच्यासोबत येतील अशी मला काळजी वाटते.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग यांना संवेदना पुरवणारी नस तळहाताच्या कडेने, करंगळीच्या बाजूच्या उंचवट्याखालून जाते. शरीराचा भार तळहातांवर टाकून आणि मनगट मागे वाकवून तुम्ही तासन्‌तास बसलात की ही नस हँडलबारवर दाबली जाते आणि इंजिनाची कंपने त्यात भर घालतात. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर झाले असते, तर मी मनगटाच्या मधोमध जाणाऱ्या दुसऱ्या नसेचा विचार केला असता. म्हणून कोणती बोटे बधिर होतात हे नेमके लिहिल्याबद्दल तुमचे आभार. अशाच तक्रारी असलेल्या इतर वाचकांनीही केवळ ‘हात दुखतात’ असे न म्हणता नेमकी जागा आणि ती कितव्या तासाला दुखू लागते हे टिपून ठेवावे. मोटरसायकल निवडण्याच्या कामी ही टिपणे माहितीपत्रकातील आकड्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

माकडहाडाची गोष्ट निराळी आहे. माणसाने बसावे ते कुल्ह्यांखालच्या दोन हाडांवर, ज्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. ती हाडे भार पेलण्यासाठीच असतात. कंबर मागे कलंडली आणि पाठीला पोक आले की भार या हाडांवरून सरकतो आणि माकडहाडाकडे जातो. सीट फार मऊ असली तरी हेच घडते. पहिल्या दहा मिनिटांत मऊ फोम सुखद वाटतो, पण तासाभरात तो पूर्ण दबतो आणि आपण खालच्या कठीण तळावर बसलेले असतो. लांबच्या प्रवासाची चांगली सीट हाताने दाबल्यावर बरीच घट्ट लागते, मागच्या भागात रुंद असते आणि मांड्यांना आधार देऊन भार मोठ्या क्षेत्रावर पसरवते. शोरूममध्ये अशी सीट कोणालाच आवडत नाही आणि सहाव्या तासाला तीच हवीशी वाटते.

आता ‘मोठी गाडी म्हणजे आराम’ या समजाकडे वळू. हा समज सर्वस्वी खोटा नाही, म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. लांब पल्ल्याच्या आरामाचे उदाहरण म्हणून जगभर जिचे नाव घेतले जाते ती होंडाची गोल्ड विंग १९७५ साली विक्रीला आली, तेव्हा तिच्यावर वारा अडवणारे आवरण नव्हते आणि सामानाच्या पेट्याही नव्हत्या. ९९९ सीसीचे चार सिलिंडरचे आडवे इंजिन, पाण्याने थंड होणारी रचना आणि चेनऐवजी शाफ्ट, एवढेच तिचे भांडवल होते. तिच्यावरून दूर जाणाऱ्या स्वारांनी बाहेरून आवरणे आणि पेट्या आणून बसवल्या आणि सीट बदलून घेतल्या. कंपनीने स्वतः आवरण बसवलेली आवृत्ती १९८० मध्ये आणली. त्या गाडीचा आराम बराचसा स्वारांनी आपल्या शरीराच्या तक्रारी ऐकत घडवलेला आहे, आणि हे काम लहान गाडीवरही करता येते. आजची गोल्ड विंग साडेतीनशे किलोंपेक्षा जड आहे. सरळ रस्त्यावर ते वजन जाणवत नाही. पण उतारावर उभी केलेली गाडी मागे ढकलताना, अरुंद जागेत वळवताना किंवा दिवसाच्या शेवटी खडीवर थांबवताना ते प्रत्येक वेळी जाणवते, आणि तो थकवाही आरामाच्याच हिशेबात धरला पाहिजे.

तुम्हाला आवडलेल्या क्रूझरबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण हाच मोह मलाही पडला होता. मीही शोरूममध्ये दहा मिनिटे बसून, पाय पुढे पसरून, हीच आपली गाडी असे ठरवले होते. पहिला दिवस चांगला गेला. तिसऱ्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला माझ्या कण्याच्या खालच्या टोकात कळ येत होती आणि त्या सफरीचा उरलेला भाग मी खड्डे मोजत पार केला. कारण मला नंतर समजले. आरामखुर्ची जागची हलत नाही आणि तिला पाठ असते. मोटरसायकल उसळते आणि तिला पाठ नसते. पाय पुढे असले की ते शरीराचा भार उचलू शकत नाहीत, कंबर मागे कलंडते आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का सीटमधून थेट कण्यात जातो. त्यातच अनेक क्रूझर गाड्यांची सीट खाली ठेवण्यासाठी मागच्या सस्पेन्शनची चाल (वर-खाली होण्याचे अंतर) कमी ठेवलेली असते, त्यामुळे धक्का शोषायला जागाच थोडी उरते. शिवाय पाय आणि हात पुढे असलेल्या त्या बैठकीत छाती वाऱ्याला पूर्ण सामोरी असते आणि वारा शरीराला मागे ढकलत असताना तुम्ही हँडलबारला लोंबकळत राहता. ज्यांचे माकडहाड आधीच दुखते त्यांना मी ही बैठक सुचवणार नाही. गुळगुळीत रस्त्यावर, बेताच्या वेगाने, दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर जाणाऱ्यांसाठी क्रूझर सुंदर असू शकते आणि तिचा आनंद मी कमी लेखत नाही. पण तुमची सफर तशी नाही.

याउलट पाय जवळजवळ कुल्ह्यांच्या खाली, गुडघे आरामात वाकलेले, पाठ किंचित पुढे कललेली आणि कोपरे सैल, अशी बैठक पाहताना कमी आरामदायी वाटते. मात्र खड्डा दिसताच अशा बैठकीत पायांवर भार घेऊन सीटवरून बोटभर उचलले जाता येते, आणि महामार्गाच्या वेगाला छातीवर येणारा वारा पुढे कललेल्या शरीराचा थोडा भार स्वतःवर घेतो, त्यामुळे हात मोकळे राहतात. सीट, फूटपेग (पाय ठेवण्याचे खुंटे) आणि हँडलबार या तीन बिंदूंचा त्रिकोण तुमच्या शरीराला जुळणे हाच माझ्या मते निवडीचा पहिला निकष आहे. इंजिनाचा आकार त्यानंतर येतो.

उंच अ‍ॅडव्हेंचर गाड्यांचा हा त्रिकोण बहुतेकांना जुळतो, म्हणून तुमच्या दुसऱ्या गटातील मित्रांचे म्हणणे निराधार नाही. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर ८० जी/एस आणली तेव्हापासून या घराण्याने ताठ बैठक, रुंद हँडलबार आणि लांब चालीचे सस्पेन्शन या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत आणि दूरच्या प्रवासाला त्या फार उपयोगी ठरल्या आहेत. तरीही तुमचे पाय जेमतेम टेकतात ही तक्रार मी भित्रेपणा म्हणून उडवून लावणार नाही. पत्नी मागे बसलेली, पेट्या भरलेल्या आणि थांबण्याची जागा एका बाजूला उतरती, अशा क्षणी पायाचा चवडा टेकणे आणि पूर्ण पाऊल टेकणे यांतला फरक म्हणजे गाडी उभी राहणे आणि आडवी होणे यांतला फरक असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. माहितीपत्रकातील सीटची उंची हा आकडा अपुरा असतो. सीट पुढच्या बाजूला अरुंद असेल तर ८२० मिलिमीटरवरूनही पाय टेकतात, आणि रुंद असेल तर ७९० वरूनही टेकत नाहीत. म्हणून स्वतःचे जांघेपासून टाचेपर्यंतचे माप घ्या, प्रवासात घालायचे बूट घालूनच गाडीवर बसा आणि दोन्ही चवडे निर्धास्त टेकतात किंवा एक पाऊल पूर्ण टेकते एवढे तरी निश्चित करा.

या दोन तटांच्या मध्ये एक तिसरा प्रदेश आहे, आणि तो शोरूममध्ये दिमाखदार दिसत नसल्यामुळे मित्रांच्या गप्पांत येत नाही. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ६५० किंवा होंडाची एनसी ७५० एक्स ही त्याची उदाहरणे. दोन सिलिंडर, ताठ बैठक आणि प्रवासाला तयार असलेल्या स्थितीत सुमारे २१५ किलो वजन. एनसीचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण तिचे सिलिंडर पुढच्या बाजूला पार कललेले आहेत आणि पेट्रोलची टाकी सीटच्या खाली आहे. त्यामुळे बरेचसे वजन खाली राहते आणि गाडी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा हलकी भासते. या दोनच गाड्या घ्याव्यात असा माझा आग्रह नाही. पाहिलेल्या प्रत्येक गाडीविषयी ‘वजन किती’ यासोबत ‘ते कुठे आहे’ हा प्रश्नही विचारावा एवढेच मला सुचवायचे आहे. पार्किंगमध्ये इंजिन बंद ठेवून गाडी हाताने पुढे-मागे आणि थोडी चढावर ढकलून पाहिली, तर त्याचे उत्तर दोन मिनिटांत मिळते.

कंपनांविषयी मित्रांकडून तुम्ही बरेच ऐकले असेल. एका सिलिंडरच्या इंजिनात वर-खाली होणाऱ्या पिस्टनच्या धक्क्याला उत्तर देणारा दुसरा पिस्टन नसतो, म्हणून बॅलन्सर शाफ्ट बसवून तो धक्का कमी करावा लागतो. समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या इंजिनात पिस्टन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जातात, त्यामुळे धक्के एकमेकांना रद्द करतात. दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे मांडलेल्या ९० अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये आणि सहा सिलिंडरच्या आडव्या इंजिनात हा समतोल आणखी वेगळ्या रीतीने साधला जातो. ओळीत चार सिलिंडर असलेल्या इंजिनात मोठा धक्का नसतो, परंतु इंजिनाच्या फेऱ्यांच्या दुप्पट गतीची बारीक थरथर असते, आणि हातांना मुंग्या आणण्याचे काम अशी बारीक थरथरच अधिक करते. तेव्हा ‘सिलिंडर जितके अधिक तितकी गाडी शांत’ हा नियम सरसकट लागू पडत नाही. प्रत्येक इंजिन एखाद्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) विशेष थरथरते, आणि ती जागा तुमच्या नेहमीच्या वेगावर पडते का हे पाहणे महत्त्वाचे. तुम्ही तासाला ९० किलोमीटरने जाणार असाल, तर सर्वांत वरच्या गिअरमध्ये त्याच वेगाला किमान पंधरा मिनिटे सलग चालवा आणि आरशांकडे पाहा. मागच्या वाहनाची आकृती आरशात स्पष्ट राहत असेल, तर हातांनाही त्रास कमी होईल. त्या वेळी इंजिन आपल्या मर्यादेच्या निम्म्यावर फिरत असावे. १६० सीसीचे इंजिन दोघांना घेऊन त्या वेगाला जवळजवळ सगळा जोर लावत असते. तुम्हाला मोठे इंजिन हवेच असे मी म्हणेन ते याच कारणाने, पण ४०० ते ७०० सीसीमध्ये ही गरज पूर्ण भागते.

मानेच्या दुखण्याचे मूळ बहुधा वाऱ्यात आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून ११० वर गेल्यास वेग सव्वापटीहून थोडाच अधिक होतो, पण दाब जवळजवळ दुप्पट होतो. विंडस्क्रीन असावी हे उघड आहे, आणि बीएमडब्ल्यूने १९७६ च्या आर १०० आरएससाठी वायुबोगद्यात (विंड टनेलमध्ये) घडवलेले पूर्ण आवरण दिले तेव्हापासून प्रवासी मोटरसायकलींच्या रचनेत वाऱ्याचा विचार गांभीर्याने होऊ लागला. मात्र उंच स्क्रीन म्हणजे चांगली स्क्रीन असे नाही. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून निघालेली खवळलेली हवा नेमकी हेल्मेटवर आदळली, तर डोके सतत थरथरते, मान ते सावरत राहते आणि स्क्रीन नसती तर बरे झाले असते असे वाटू लागते. चाचणीच्या वेळी मोकळ्या रस्त्यावर डोके दोन-चार सेंटिमीटर वर घ्या, मग तेवढेच खाली घ्या आणि आवाज कुठे उतरतो ते ऐका. वर घेतल्यावर शांत झाले तर तुम्हाला बुटकी स्क्रीन हवी, खाली घेतल्यावर शांत झाले तर उंच. स्वच्छ वारा खांद्यांच्या वरच्या भागावर आणि हेल्मेटवर आलेला चालतो, खवळलेला चालत नाही.

आवाजाचे गांभीर्य अनेकांना उमगत नाही. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास पोहोचतो. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसावा आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी करावी, असा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा निकष आहे. त्या हिशेबाने शंभर डेसिबलला पंधराच मिनिटे मिळतात. कायद्याची आडकाठी नसेल तिथे फोमचे साधे कानबोळे (इअरप्लग) वापरा. त्यांतून भोंगे ऐकू येतात, फक्त वाऱ्याची गर्जना उतरते, आणि संध्याकाळचा तो सुन्न करणारा थकवा किती प्रमाणात आवाजाचा होता हे पहिल्याच दिवशी लक्षात येते. इतक्या थोड्या खर्चात इतका आराम देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

पेट्रोलच्या टाकीविषयी फार विचार करू नका. पंधरा लिटरची टाकी आणि लिटरला पंचवीस किलोमीटर एवढे असले तरी शरीराने मागितलेले दोन-तीन थांबे तिच्या आधी येतात. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) उजव्या मनगटाला खरोखर विसावा देतो आणि एबीएस असावेच. इंजिनाची गरम हवा मांड्यांवर येते का हे मात्र गर्दीत थांबत-थांबत चालवूनच कळते, तेव्हा चाचणीत तेवढा भाग जरूर ठेवा.

आता ज्या व्यक्तीचा उल्लेख तुमच्या पत्रात एकदाच, मागे बसणारी म्हणून आला आहे, तिच्याकडे वळतो. तुमच्या पत्नीला कुठे दुखते, त्यांचे गुडघे किती वाकलेले राहतात, त्यांना पाठीला आधार हवा की नको, यांविषयी पत्रात काही नाही. हे दुर्लक्ष हेतुपुरस्सर नाही हे मी जाणतो, आम्ही चालवणारे सगळेच हे करतो. परंतु मागे बसणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही, खड्डा आधी कळत नाही, हातात धरायला हँडलबार नसतो आणि बहुतेक गाड्यांची मागची सीट पुढच्या सीटपेक्षा अरुंद असते. त्यांचा दिवस तुमच्या दिवसापेक्षा मोठा असतो. त्यामुळे गाडी पाहायला दोघांनी मिळून जावे, त्यांनी मागे किमान तासभर बसून पाहावे आणि त्यांचा नकार आला तर तो अंतिम मानावा. मागचे फूटपेग सीटपासून पुरेसे खाली आहेत का, धरायच्या कड्या हाताला सहज लागतात का आणि मागच्या पेटीला टेकता येईल अशी गादी बसवता येते का, या तीन गोष्टी त्यांच्या बाजूने आवर्जून पाहा.

दोघांच्या प्रवासात वजनाचा हिशेबही कागदावर मांडावा लागतो. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत एकूण अनुज्ञेय वजन दिलेले असते. समजा ते ४१० किलो आहे आणि पेट्रोलसह गाडी २१४ किलो आहे, तर १९६ किलो उरतात. दोघांचे मिळून १४० किलो, जाकीट, हेल्मेट आणि बूट यांचे १२ किलो वजा केल्यास ४४ उरतात, आणि रिकाम्या पेट्या व त्यांचे स्टँड यांतच १४-१५ किलो जातात. सामानाला राहिले सुमारे तीस. तेही खाली आणि गाडीच्या मध्याजवळ असावे. मागच्या उंच पेटीत जड वस्तू ठेवल्यास पुढचे चाक हलके होते आणि गाडी वेगात वळवळते.

याच वजनाशी सस्पेन्शन जोडलेले आहे, आणि माझ्या अनुभवात आरामाची सर्वांत दुर्लक्षित किल्ली हीच. कारखान्यातून गाडी एका सरासरी स्वारासाठी बसवून येते. दोघे आणि सामान चढले की मागचा शॉक इतका दबतो की धक्का शोषायला चालच उरत नाही, मग लोक म्हणतात की गाडी कडक आहे आणि सीट बदलायला धावतात. मागचे चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून (चाकाच्या आसापासून) गाडीच्या शेपटाच्या एखाद्या बिंदूपर्यंतचे अंतर मोजा आणि दोघे बसून, सामान लादून, तिसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मोजून घ्या. हा फरक चालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. म्हणजे १५० मिलिमीटर चालीला सुमारे ५० मिलिमीटर. तो अधिक भरला तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण, वाढवा. ज्या गाडीला हाताने फिरवता येणारी प्रीलोडची गोल मूठ आहे ती दोघांच्या सफरीसाठी पसंत करा, कारण सोपे असेल तरच आपण ते काम खरोखर करतो. टायरमधील हवाही दोघांसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरावी.

आणखी एक गृहीत मला तपासावेसे वाटते. नऊ दिवसांत ४५०० म्हणजे रोज ५००. प्रत्यक्ष चालीचा वेग सरासरी ६० धरला तर सव्वाआठ तास केवळ गाडीवर, थांबे आणि जेवण धरून साडेदहा तास, आणि तेही लागोपाठ नऊ दिवस. आयर्न बट असोसिएशन ही लांब पल्ल्याच्या स्वारांची संस्था २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६०९ किलोमीटर पार करणाऱ्यांना प्रमाणपत्र देते, आणि अशा स्वारांसाठीच्या तिच्या सूचनांची सुरुवातही आपली मर्यादा ओळखून प्रवास आखण्यापासूनच होते. तुमची सफर प्रमाणपत्रासाठी नाही, ती दोघांनी मिळून काही पाहण्यासाठी आहे. रोज ३५० किलोमीटर, दर दीड तासाला गाडीवरून उतरून पंधरा मिनिटे चालणे आणि मध्ये एक पूर्ण विश्रांतीचा दिवस असा आराखडा केल्यास नऊ दिवसांत २८०० किलोमीटर होतात. सगळे ४५०० करायचेच असतील तर पंधरा दिवस काढा. कोणतीही मोटरसायकल, कितीही महाग असली तरी, नवव्या दिवसाच्या साडेदहाव्या तासाला आरामदायी राहत नाही.

तुम्ही आता काय करावे? आज आहे त्याच गाडीवर एक महिना प्रयोग करा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवून हाताची रेघ कोपरापासून बोटांपर्यंत सरळ येईल असे लावा, पकड सैल ठेवा, गुडघ्यांनी टाकी हलकेच धरून भार हातांवरून पायांवर आणा आणि सीटवर मागे रेलून न बसता बैठकीच्या हाडांवर बसा. हँडलबारच्या टोकांना जड वजने बसवल्यास थरथर कमी होते का ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला हे कळणार नाही. यातून एखादे दुखणे निम्म्याने जरी कमी झाले, तरी नव्या गाडीत काय शोधायचे याची तुमची यादी बरीच लहान होईल. करंगळीचा बधिरपणा गाडीवरून उतरल्यावर तास-दोन तासांत जात नसेल, किंवा पाठीतली कळ पायात उतरत असेल, तर खरेदी थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

त्यानंतर मधल्या प्रदेशातल्या दोन गाड्या निवडा आणि शक्य असल्यास त्यांपैकी एक दोन दिवसांसाठी भाड्याने घ्या. एक दिवस पुरत नाही, कारण पहिल्या दिवशी उत्साह वेदना झाकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गाडीवर बसताना शरीर खरे बोलते. दर अर्ध्या तासाला दोघांनी स्वतंत्रपणे दुखणारी जागा टिपून ठेवावी आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांना दाखवू नये. गाडी पसंत पडल्यावर सारा पैसा तिच्यातच घालू नका. सीट तुमच्या मापाने नव्याने भरून घेणे, योग्य उंचीची स्क्रीन आणि गरज पडल्यास हँडलबार थोडा वर-मागे आणणारे तुकडे यांसाठी काही रक्कम बाजूला ठेवा. असे तुकडे बसवल्यावर हँडलबार पूर्ण वळवला असता केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे मेकॅनिककडून पाहून घ्या.

राहता राहिली ‘शेवटची मोटरसायकल’. या दोन शब्दांनी तुमच्यावर नको इतके ओझे टाकले आहे असे मला वाटते. शेवटची म्हटले की माणूस भविष्यातल्या प्रत्येक शक्यतेसाठी खरेदी करतो, आणि हातात येते ती वापरापेक्षा जड, उंच आणि महाग गाडी, जी बाहेर काढायलाच कंटाळा येतो. पुढच्या पाच वर्षांसाठी घ्या. साठाव्या वर्षी तुम्हाला कदाचित आणखी हलकी आणि बुटकी गाडी हवी असेल, आणि तोवर कशा गाडीवर आपले शरीर खूश असते हे तुम्हा दोघांना आजच्यापेक्षा कितीतरी चांगले ठाऊक असेल. दोन दिवसांच्या चाचणीनंतरची तुमची आणि तुमच्या पत्नीची टिपणे मला पाठवलीत, तर त्या दोन गाड्यांपैकी कोणती घ्यावी याविषयी मी आनंदाने पुन्हा लिहीन.